आजीचे नाव

चार वाक्यांची बातमी

मराठी दैनिकाच्या आतल्या पानावर येणारी वृद्ध स्त्रीची निधनवार्ता साधारण चार वाक्यांत आटोपते. पहिल्यात नाव, गाव, वय आणि ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’. दुसऱ्यात स्वभाव: मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या, परोपकारी. तिसऱ्यात मागे राहिलेल्यांची मोजदाद: पती, दोन मुलगे, सुना, विवाहित मुली, जावई, नातवंडे, पतवंडे ‘असा परिवार आहे’. चौथ्यात त्या कोणाच्या मातोश्री होत्या ते. मुलगा सरपंच, मुख्याध्यापक किंवा पतसंस्थेचा अध्यक्ष असेल तर बातमी खरे तर या चौथ्या वाक्यासाठीच छापून येते.

तालुक्याच्या वार्ताहराकडे हा मजकूर पूर्वी चिठ्ठीवर यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तो बहुधा नातवाने लिहिलेला असतो, आणि तोही कोणाच्या तरी जुन्या बातमीत नावे बदलून. वार्ताहराला उलट फोन करून विचारावे लागते ते दोन गोष्टींबद्दल. एक वय, दुसरे नाव. मुलांची नावे हुद्द्यांसकट आलेली असतात आणि आईच्या जागी नुसते ‘आक्का’ लिहिलेले असते. फोनवरचा नातू घरात विचारायला जातो. आतून दोन वेगवेगळी उत्तरे ऐकू येतात.

यात कोणाचे प्रेम कमी असते असे नाही. जुन्या वळणाच्या घरात स्त्रीचे नाव वापरण्याचे प्रसंगच थोडे. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहिले की जन्माचे नाव माहेरच्या माणसांपुरते उरते. ती माणसे एकेक करून जातात, तसे ते नावही जाते. सासरचे नाव कागदावर राहते, पण हाक मारायला कोणी वापरत नाही. दिरांची ‘वहिनी’, पुतण्यांची ‘काकू’, भाच्यांची ‘मामी’. एकत्र कुटुंबात स्वतःची मुलेही घरातली चालू हाक उचलतात आणि आईला आयुष्यभर ‘वहिनी’ म्हणतात. नवरा तर नाव घेतच नाही, त्याच्यासाठी ‘अगं’ पुरते. तिने त्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात, चारचौघांसमोर, यमक जुळवून. त्याने तिचे नाव घेण्याचे प्रसंग त्याहून कमी.

म्हणून नव्वदी गाठलेल्या बाईची आठवण ठेवायची म्हणजे नेमके काय ठेवायचे, याची उत्तरे मराठी घरात फार वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. काही कागदावर आणि विधीत, बरीचशी कापडात आणि पितळेत.

एक जानेवारीचा जन्म

आधी वयाचे. महाराष्ट्रात एका पिढीच्या पुष्कळ पुरुषांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी पटावर तीच तारीख टाकली. शाळा जूनमध्ये उघडायची, वय बसवायला ती सोयीची. शाळेत न गेलेल्या मुलींना ही गुरुजींनी दिलेली तारीखही मिळाली नाही. त्यांच्या आधार कार्डावर अनेकदा १ जानेवारी असते, कारण नोंदवणाऱ्याला अंदाजाने फक्त साल सांगता आले. बातमीतले ‘९३ वर्षांच्या होत्या’ हे अनेकदा अशा अंदाजातून आलेले असते.

त्या बायकांचे स्वतःचे कालगणनेचे खांब मात्र पक्के असत. थोरला गांधीवधाच्या साली पोटात होता. मधली पानशेत फुटले तेव्हा रांगत होती, म्हणजे जुलै १९६१. धाकट्याला पाळण्यातून उचलून अंगणात धावले ती कोयनेच्या भूकंपाची पहाट, ११ डिसेंबर १९६७. सून आली ती १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीची खडी फोडायचे दिवस होते आणि पंगतीला मिलोची भाकरी होती. या सगळ्या तारखा इतिहासाच्या पुस्तकात आहेत, आणि कोणते मूल कुठे बसते हे एकदा कळले की बाईचे वय बऱ्यापैकी नेमके काढता येते. ज्यांनी आजी असतानाच हे विचारून घेतले त्यांच्याकडे हिशेब आहे. नंतर विचारायला जाणाऱ्यांना मुलांच्या भांडणावर समाधान मानावे लागते.

दीर्घायुष्याचे सोहळे आहेत, पण त्यांचा कलही पाहण्यासारखा आहे. हजार पौर्णिमांचा हिशेब ८० वर्षे आणि सुमारे १० महिन्यांवर पुरा होतो, म्हणून ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन करतात. ते बहुधा नवऱ्याचे होते आणि बायको शेजारच्या पाटावर बसते. तिची एक्याऐंशी त्याच्यानंतर काही वर्षांनी येते, तोवर पुष्कळदा तो गेलेला असतो आणि हौसही ओसरलेली असते. खास तिच्या वाट्याला येणारा सोहळा म्हणजे पणतू झाल्यावरची सोन्याची फुले. सोनाराकडून मुगाएवढी फुले करून आणतात, पणजीच्या मांडीवर पणतवंड ठेवतात आणि तिच्या डोक्यावरून फुले उधळतात. ती फुले मग सतरंजीवरून वेचायला घरातल्या सगळ्यांना लागावे लागते, आणि एक तरी सापडत नाही.

शेवटची साडी

विवाहित स्त्री गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची असते. ही रीत महाराष्ट्रात जातीजातींत आढळते. निरोप गेला की माहेरचे लोक साडी घेऊन निघतात आणि ते येईपर्यंत उचलत नाहीत. मृताचे वय नव्वद असते तेव्हा माहेर म्हणजे भावाचा मुलगा, क्वचित भावाचा नातू. त्याने आत्याला चार-दोन लग्नांत पाहिलेले असते. तो तालुक्याच्या कापडदुकानात शिरतो आणि काय हवे ते सांगतो. दुकानदार दर विचारत नाही, रंग विचारतो, कारण रंगावरून पुढचे ठरते.

नवरा हयात असेल तर हिरवी साडी, हिरवा चुडा, वेणी, कपाळ भरून मळवट, ओटी. याला अहेव मरण म्हणतात आणि त्याचे कौतुक होते. जमलेल्या सवाष्णी तिच्या कपाळाचे कुंकू आपल्या कपाळी लावून घेतात. नवरा आधी गेला असेल तर फिकी साडी, आणि श्रद्धांजलीच्या फलकावर नावाआधी ‘सौ.’ ऐवजी ‘गं. भा.’. साठ-सत्तर वर्षे सारखाच संसार केलेल्या दोन जावांना दोन वेगळ्या रंगांत निरोप मिळतो, आणि फरक एवढाच की कोणाचा नवरा आधी गेला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या गोष्टी करायच्या नाहीत असा तो ठराव. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे सुचवले. पण ‘गं. भा.’ हे दोन ठिपके फलक छापणाऱ्याच्या संगणकात तयार असतात, आणि मजकूर सांगणाऱ्याने मुद्दाम काढायला सांगितल्याशिवाय ते आपोआप उमटतात.

तीन पिढ्यांचा हिशेब

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. नाशिकचे रामकुंड असो, पुण्याचा ओंकारेश्वर असो की गावचा ओढा, दृश्य तेच. कावळा झाडावर बसतो आणि खाली येत नाही. मग घरचे एकेक पुढे होऊन हात जोडतात. धाकटीचे बघू. शेत विकणार नाही. भावाभावांत बोलणे ठेवू. म्हातारीच्या मनात काय राहिले असेल याचा एवढा कसून विचार घराने ती हयात असताना केलेला नसतो. एखादी नात घरी परत जाऊन खारे शेंगदाणे किंवा चहाची बशी आणते, आणि कावळा नेमका त्यालाच शिवला की ती गोष्ट पुढे वीस वर्षे सांगितली जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत याच दिवशी प्रवचन असते, त्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणे. त्यांत मृत बाईपेक्षा मुलाच्या कार्याचा उल्लेख जास्त. आता काही घरे राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यावर आंबा किंवा नारळ लावतात. त्या झाडाला घरात ‘आजीचा आंबा’ म्हणतात.

बाराव्याला सपिंडीकरण. मृताच्या नावाचा लांबट पिंड करतात, दर्भाने त्याचे तीन भाग करतात आणि ते पूर्वजांच्या तीन पिंडांत मिसळतात. पुरुषाचा पिंड बाप, आजा, पणजा यांच्यात जातो. नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रीचा पिंड सासू, आजेसासू आणि तिची सासू यांच्यात मिसळतो. ज्या दोघींचे चाळीस वर्षे एका चुलीवर पटले नाही त्यांना शास्त्र एकाच गोळ्यात कालवते. हात चालवणाऱ्या गुरुजींना हे माहीत नसते, बाजूला पदर धरून उभ्या असलेल्या बायकांना माहीत असते.

इथे नाव लागते. श्राद्धात आणि तर्पणात माता, पितामही, प्रपितामही अशा तिघींचा नामगोत्रासह उच्चार करायचा असतो. त्या अनुक्रमे वसुरूप, रुद्ररूप आणि आदित्यरूप मानल्या आहेत. गुरुजी विचारतात, “आईचे नाव?” ते लगेच येते. “आजीचे?” थोडे थांबून येते. “पणजीचे?” मग काकांना फोन जातो. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावे अशी सोय आहे, नावाची तशी सोय सगळ्यांना रुचत नाही, आणि ओटीवर बसलेली एखादी ऐंशीची आतेबहीण शेवटी ते नाव पुरवते. विधीची ही चौकट जेमतेम तीन पिढ्यांची. एक नवी आत आली की सर्वांत जुनी बाहेर पडते.

या सगळ्या कर्मकांडात आईने केलेल्या कष्टांचा तपशीलवार उच्चार होतो तो गयेला. तिथे मातृषोडशी नावाचा विधी आहे. आईसाठी सोळा पिंड द्यायचे आणि प्रत्येक पिंडाबरोबर तिचा एकेक त्रास नाव घेऊन आठवायचा: गर्भाचा भार, प्रसूतीच्या वेणा, थंडीतल्या जागरणाच्या रात्री, ओले अंथरूण. गुजरातेतील सिद्धपूरला मातृगया म्हणतात, तिथे बिंदुसरोवरावर केवळ आईचे श्राद्ध करायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. हे सोळा पिंड देणारे मुलगे साधारण साठीचे असतात. रात्रीच्या जागरणांचा मंत्र सुरू असताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे भरतात, कारण तोवर त्यांनी स्वतःच्या नातवंडांच्या निमित्ताने ती जागरणे जवळून पाहिलेली असतात.

भांड्यांच्या काठावर

स्त्रीचे नाव लिहून ठेवण्याची मराठी घराची सर्वांत मोठी जागा माळ्यावर आहे. पितळी पातेली, परात, घंगाळ, कळशी, तांबे, डबे. प्रत्येकाच्या काठावर नाव घातलेले.

नाव घालण्याचे कारण व्यवहाराचे. लग्नकार्याला गल्लीभरातून भांडी गोळा व्हायची आणि उष्टी निघाल्यावर ज्याची त्याला परत करायची, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या पातेल्यांत आपले ओळखू यावे म्हणून नाव. भांडीबाजारात दुकानाच्या उंबऱ्याशी नाव घालणारा बसायचा. टोकदार छिन्नी आणि छोटी हातोडी. अक्षर रेघेने नव्हे, ठिपक्यांनी उमटायचे. ‘टक टक’ करत तो भांडे मांडीवर फिरवत न्यायचा. पैसे अक्षरावर, म्हणून गिऱ्हाईक काटकसर करायचे आणि नावाची आद्याक्षरेच राहायची. आता पेनासारखे विजेचे यंत्र असते. ते घरघर करत तिरकी, सलग अक्षरे काढते. स्टीलवर ती पहिल्या वर्षी चमकतात आणि घासणीने पुसट होतात. पितळेतले ठिपके मात्र साठ वर्षांनीही बोटाला लागतात.

अशा भांड्यांची एक रांग खाली उतरवून चिंचेने घासली की एका बाईचे आयुष्य क्रमाने वाचता येते. सर्वांत मोठी परात रुखवताची. तिच्यावर ‘सौ.’ आणि सासरचे नाव, कारण बापाने लग्नाआधीच नाव घालून घेतले. म्हणजे मुलीचे नवे नाव तांदळात उमटण्यापूर्वी पितळेत कोरलेले होते. मग पहिल्या मंगळागौरीच्या वाट्या. मग बारशाचा तांब्या, त्यावर आत्याकडून भेट असे. मुंजीचे पंचपात्र. वास्तुशांतीचे घंगाळ, आणि इथे तारीखही आहे, कारण घर झाले ही लिहिण्यासारखी गोष्ट होती. त्यानंतर संक्रांतीच्या वाणाची लहान लहान भांडी, शेजारणींच्या नावांची. त्या शेजारणी कोण, कुठल्या वाड्यातल्या, हे आता कोणाला सांगता येत नाही. शेवटी स्टीलचा डबा, नातवाच्या मुंजीचा, ‘आजीकडून’. त्यावर तिचे नाव नाही. देणारी आता नावाने नव्हे तर नात्यानेच ओळखली जात होती.

एखाद्या भांड्यावर दोन नावे असतात. जुने ठिपके अर्धवट ठोकून बुजवलेले आणि त्याशेजारी नवे नाव. हे वाटणीचे भांडे, किंवा थोरल्या जावेच्या पश्चात आलेले. कुठे नुसतीच चुन्याची खूण. नाव घालायचे राहून गेलेल्या भांड्यांवर घरात वाद होतात, आणि ते वाद पितळेच्या किमतीचे नसतात.

ही वही फाडली स्टीलने. साठ-सत्तरच्या दशकांत स्टीलची भांडी मध्यमवर्गीय घरांत आली. पितळेला कल्हई लागायची, आंबट चालायचे नाही, घासायला जड. बायकांनी ती आनंदाने बदलली, त्यात हळहळण्यासारखे काही नव्हते. कल्हईवाल्याच्या भात्यासमोर ताटकळणे आणि राखेने हात सोलून घेणे हे त्यांनाच करावे लागायचे. पण पितळ मोडीत वजनावर जायचे, आणि दुकानदार काट्यावर टाकताना काठावरची अक्षरे वाचत नाही. आज माळ्यावर जे उरले आहे ते मोडीतून चुकून वाचलेले.

कापड

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली की लुगड्याचे पातेले व्हायचे. आजी गेल्यावर तिची कापडे वाटून टाकण्याचीच पद्धत. चांगली साडी सुनेला, एक लेकीला, उरलेली कामवाल्या बाईला. पण नऊवारी लुगडे सहजासहजी वाटले जात नाही, कारण नेसायला कोणी उरलेले नसते. ते आठ मीटरच्या आसपास भरते, धुऊन धुऊन मऊ झालेले असते, आणि म्हणून गोधडीला जाते.

गोधडीला काही भागांत वाकळ म्हणतात. लहान मुलासाठी केले तर दुपटे. अंगणात खालचे कापड पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर फाटक्या कापडांचे थर, सुरकुत्या हाताने विंचरल्यागत सारख्या करत. वरून चांगले लुगडे. मग दोन बायका समोरासमोर बसून काठापासून धावदोरा घालत आत येतात, चौकोनात चौकोन. काही ठिकाणी चौकोन न करता सरळ ओळी घालतात. टाक्याचे अंतर करंगळीच्या पेराहून कमी हवे, नाहीतर धुताना आतले थर गोळा होतात. दुपारच्या कामातून सवड काढून केली तर एक गोधडी महिनाभर चालते. कोणाच्या टाक्यांची ओळ कुठे थांबली आणि दुसरीची कुठून सुरू झाली हे जाणत्या बाईला पाठीमागून ओळखता येते, अक्षरावरून माणूस ओळखावा तसे.

इरकली लुगड्याचा काठ मुद्दाम मधोमध किंवा कडेला दिसेल असा ठेवतात. बाकी सगळे विटते, काठ टिकतो. पुण्यामुंबईत आता ‘आजीच्या साड्यांची गोधडी’ शिवून देणारे व्यवसाय आहेत. साड्या कुरियरने पाठवायच्या, आकार सांगायचा, यंत्रावर शिवलेली हलकी गोधडी परत येते. ती सोफ्याच्या पाठीवर घडी करून ठेवतात. गावाकडची गोधडी मात्र अंगावर घेतात, लहान मूल तिच्यावर मुतते, ती उन्हात पडते, आणि दहा-पंधरा वर्षांत झिजून दुसऱ्या गोधडीच्या पोटात थर म्हणून जाते. सत्तर वर्षांपूर्वीच्या पणजीचे लुगडे अशा रीतीने घरात असू शकते, फक्त ते दिसत नाही.

वाटी

स्वयंपाकाची आठवण सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितली जाते आणि सगळ्यांत आधी हरवते. आजीच्या वहीत ‘दोन वाट्या डाळ, बेताने मीठ, मसाला नेहमीचा’ असे असते. यातला ‘नेहमीचा’ तिला माहीत होता. वाटीही एक विशिष्ट वाटी होती, तळाला पोचा आलेली. ती हरवली की वहीतले सगळे प्रमाण हलते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी मित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ घरोघर पोचण्याचे एक कारण म्हणजे तिने वाटी-चमच्याचेच माप ठेवले, पण ते नीट ठरवून दिले. लग्न होऊन परगावी किंवा परदेशी गेलेल्या मुलीला सासूची वाटी उपलब्ध नव्हती, तिला असे पुस्तक लागले.

लिहिलेल्या आणि लिहून घेतलेल्या

महाराष्ट्राच्या जुन्या माळांवर स्त्रीची आठवण म्हणून उभा असलेला दगड म्हणजे सतीशिळा. कोपरात दुमडलेला उभा हात, त्यात चुडा, वर सूर्यचंद्र. जी जळाली तिला दगड मिळाला. जी जगली, लेकरे वाढवून, पणतवंडे पाहून गेली तिला दगड नाही. तिच्यासाठी शब्द आले ते छापखाना आल्यावर, आणि त्यांतले बरेच तिने नवऱ्याच्या निमित्ताने लिहिले. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या पुस्तकाचे नावच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, आणि त्या ‘आमच्या’त मध्यभागी न्यायमूर्ती आहेत. नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले, म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, रेव्हरंड टिळकांची चरित्रकथा सांगायला बसल्या आणि १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्यापेक्षा त्यांचेच व्यक्तिमत्त्व वाचकांच्या मनात राहिले. आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया, यांनी आपल्या आत्मकथनाला ‘माझे पुराण’ म्हटले. ते १९४४ चे. १९५० मध्ये त्या गेल्या, नंतर त्यांचे पती अण्णासाहेब कर्वे बारा वर्षे जगले.

लिहिता न येणाऱ्या आजीचे काय, याचे एक उत्तर जळगावात आहे. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये असोद्याला जन्मल्या, जळगावच्या चौधरी वाड्यात नांदल्या, तिशीच्या सुमारास विधवा झाल्या, शेत आणि मुले सांभाळत सत्तरी ओलांडून डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतले होते. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून वहीत काय आहे ते त्यांना कळले. अशा किती वह्या दुकानाच्या हिशेबाच्या समजून रद्दीत गेल्या असतील, कोण जाणे. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले.

दुसरे उत्तर अधिक व्यापक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या गेल्या. विजेच्या गिरणीने जाते कोपऱ्यात सारले होते, पण साठी-सत्तरीच्या बायकांना ओव्या पाठ होत्या. त्यांत आई फार येते: ती असताना माहेरची वाट, ती गेल्यावर भावजयीच्या राज्यातले माहेर. २०१७ पासून या ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर, काहींचे आवाजही, ऐकायला मिळतात. ओवीखाली गाणारीचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. मुळशी तालुक्यातल्या एखाद्या शेतकरीण आजीचे पूर्ण नाव तिच्या स्वतःच्या शब्दांखाली छापलेले दिसते, आणि कोणाची मातोश्री हा रकाना तिथे नाही.

कागदोपत्री थोडे बदलते आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी नोंदींत मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आहे. या मुलांची नातवंडे श्राद्धाला बसतील तेव्हा निदान एका नावासाठी कोणाला फोन करावा लागणार नाही.

नवमी

भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात नवमी येते ती अविधवा नवमी. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रीची आठवण या दिवशी. एका सवाष्णीला जेवायला बोलावतात. आवडीचे पदार्थ होतात, आळूची भाजी, वडे, खीर. तिची ओटी भरतात, साडी किंवा खण देतात. जेवायला येणारी बहुधा गेलेल्या बाईच्या वयाच्या जवळपासची, ओळखीतली निवडतात, आणि म्हातारे आजोबा दाराशी खुर्ची टाकून बसतात. वाढणे नीट होते आहे की नाही ते बघत. खिरीत साखर जास्त झाली असे ते दरवर्षी म्हणतात. “तिला एवढी गोड चालत नव्हती.” बोलावलेल्या बाईला चालते का, हे कोणी विचारत नाही.

पुष्कळ घरांत ही नवमी नवरा असेपर्यंतच करतात. आजोबा गेले की त्या दिवशी पान मांडणे थांबते, आणि आजीचे नाव घ्यायचे ते सर्वपित्री अमावास्येला, बाकी सगळ्यांबरोबर.